माझ्याकडं बघ

आबांकडे भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी आधी मला खुर्ची हलवायला लावली. मी दाराशी बसलो होतो. ते म्हणाले, जरा खिडकीजवळ घ्या, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या. मी निमूट सरकलो. मग ते स्वतः समोरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उजेडाकडे अर्धी पाठ करून बसले आणि माझी चौकशी सुरू झाली. गाव कोणतं, बँकेत काय काम, घरी कोण कोण. माझ्या प्रत्येक वाक्यावर ते अशी काही मान हलवायचे की विचारलं त्याच्या दुप्पट मी सांगत गेलो. बदलीचं रडगाणं सांगितलं, आईच्या गुडघ्यांचं सांगितलं, जमता जमता मोडलेल्या लग्नाचंसुद्धा सांगून टाकलं. बाहेर पडल्यावर ध्यानात आलं की पाणी कधी येतं हे विचारायचं राहिलं, आणि या माणसाबद्दल आपल्याला एक अक्षर कळलेलं नाही.

मी तेव्हा युसूफ वडगावच्या बँकेत होतो. गाव मोठं, बाजाराचं. आबा तिथलेच, आणि खोली मी त्यांचीच घेतली. पुढ्यात त्यांना सगळे आबा म्हणत, पाठीमागे कोणी नट म्हणे, कोणी येडं म्हातारं म्हणे. आता आबा नाहीत. मीही तिकडून कधीच निघालो आणि बदल्या खात खात अशा शहरात येऊन पडलो आहे जिथे घरमालकाचा चेहरा वर्षातून एकदा दिसतो. संध्याकाळी घरी येऊन दिवा न लावता बसलो की मला हटकून आबांचा तो अंधारा कोपरा आठवतो.

त्यांची हयात मुंबईत गेली होती, नाटकात आणि सिनेमात. एवढं ऐकलं की माणसं विचारत, कोणत्या सिनेमात दिसता तुम्ही? आबा एकेक नाव सांगत आणि शेवटी म्हणत, "हाय मी त्यात. पाठमोरा." त्यात खोटं काही नव्हतं. पडद्यावर दोघं बोलत असतात तेव्हा एकाचा चेहरा दिसतो आणि दुसऱ्याचा खांदा व कानाची पाळी. तो दुसरा म्हणजे आबा. समोरचा मोठा नट आपलं काम उरकून घरी गेलेला असायचा, मग त्याच्या जागी आबा उभे राहायचे. आणि कॅमेरा नायकाच्या फार जवळ गेला, खांद्यालासुद्धा जागा उरली नाही, की आबा कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहून समोरची वाक्यं म्हणायचे, म्हणजे नायकाला कुणाकडे तरी बघून रडता यावं. या पद्धतीने त्यांनी कित्येक नायिकांना मागणी घातली होती, कित्येक मुलांना घराबाहेर काढलं होतं आणि असंख्य वेळा प्राण सोडला होता. पडद्यावर यातलं काहीच यायचं नाही. नंतर मोठा नट येऊन आवाज भरून जायचा.

एकदा टीव्हीवर त्यांचा एक जुना सिनेमा लागला. आबांनी मला हाक मारून वर बोलावलं आणि बोट दाखवून सांगितलं, हा खांदा माझा. मी खांदा बघितला. चांगला आहे, म्हणालो. आतून काकू म्हणाल्या, "खांदा न्हाई वळखू येत मला. शर्ट वळखू येतोय. म्याच शिवलता."

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. अंगणवाडीत नोकरी करून त्यांनी गावातच संसार रेटला होता. नवरा मुंबईत पाठमोरा आणि घरात गैरहजर, असं त्यांनी एकदा भाकरी थापता थापता मला सांगितलं होतं, तक्रारीचा सूर न लावता. त्या कमी बोलत आणि बोलत ते पुरून उरे.

नाटकाची गोष्टही त्यांनीच सांगितली. आबांचे वडील जलशात गायचे, त्यामुळे पाठांतर घरातलंच. मुंबईच्या एका नाटक मंडळीत आबा बदली नट होते. सगळ्या पुरुषांच्या भूमिका यांना तोंडपाठ. कोणी आजारी पडलं तर यांनी उभं राहायचं. आणि त्या मंडळीत कोणी आजारीच पडेना. आबा म्हणायचे, असली धडधाकट माणसं मी पुन्हा बघितली न्हाईत. शेवटी एकदा दौऱ्यात बीडला मुख्य नटाचा घसा बसला. आबांनी गावी निरोप धाडला. काकू एसटीने बीडला गेल्या, पहिल्यांदाच नवऱ्याला रंग लावलेला बघितला आणि पुढे जाऊन बसल्या. पडदा उघडायच्या आत ठेकेदाराने लोकांना सांगितलं की अमुक नट आज काम करणार नाहीत. लोक उठले. अर्धे दाराकडे गेले, उरलेल्यांनी तिकिटं परत मागितली. खेळ झाला नाही. रंग पुसताना टॉवेल काकूंनी धरला होता.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करायचं? ष्ट्यांडावर आलो. भजी खाल्ली. ते मुंबईला गेले, मी हिकडं आले."

मुंबई सोडण्याचं कारण आबा हसत सांगत, पण ते हसणं मला कधी आवडलं नाही. पुढे पुढे नायक मंडळींना समोर माणूस नकोसा झाला. कॅमेऱ्याच्या बाजूला रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावायचे आणि नायक त्या तुकड्याकडे बघून रडायचे. "माझ्या जागी चिकटपट्टी आली," आबा म्हणत, "आन् खरं सांगू का, ती लई शिस्तीची. खोकत न्हाई, चहा मागत न्हाई."

गावी येऊन बसले तरी खोड जाईना. कोणी चार शब्द तावातावाने बोलायला लागलं की आबा त्याच्या पुढ्यात जाऊन उभे. एकदा बाजारात शेळीच्या सौद्यावरून दोघं भांडत होते. आबा मध्ये शिरले. भांडण मिटवायला नव्हे. एकाला म्हणाले, तू त्याच्याकडं बघून बोल, शेळीकडं बघून काय बोलतूस. दुसऱ्याला म्हणाले, त्याचं पुरं ऐकून घे, मग तोंड उघड. दोघांनी एकमेकांना सोडलं आणि मिळून आबांना शिव्या घालायला सुरुवात केली. आबा शांतपणे मान हलवत दोघांचं ऐकत उभे. शिव्या संपल्यावर दोघं एकाच टपरीवर चहा प्यायला गेले. आबांना कोणी बोलावलं नाही.

या माणसाची इच्छा मात्र एकच होती आणि ती त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगून टाकली. जन्मभर त्यांनी नाटक बघितलं ते बाजूने, पडद्याच्या फटीतून. सिनेमा बघितला तो कॅमेऱ्याच्या अलीकडून. आपलं म्हणावं असं एक नाटक त्यांना समोर बसून बघायचं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून. त्यासाठी त्यांनी नाटक लिहिलं होतं. तुमचा पार्ट कोणता, असं कोणी विचारलं की म्हणत, "बघायचा."

नाटकात माणसं तीनच. दोन भाऊ आणि थोरल्याची बायको. भावांची विहीर सामायिक, त्यावरून बोलणं बंद. थोरला म्हणतो, तुझ्या दिराला सांग. धाकटा म्हणतो, दादाला सांग वहिनी. आणि ती बिचारी इकडचे शब्द तिकडे वाहून थकून जाते. शेवटी मध्ये उभी राहून म्हणते, मी आता निरोप न्यायची न्हाई, बघा एकमेकाकडं आन् बोला. बुद्धपौर्णिमेला विहारापुढच्या पटांगणात ते करायचं ठरलं होतं.

अडचण होती ती नटांची. तिकडे दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. थोरल्याचं काम करणारा ऊसतोडीच्या टोळीबरोबर माजलगावच्या अंगाला गेला होता. वहिनीचं काम करणारी बाई नवऱ्याबरोबर दुसऱ्या टोळीत, पार दक्षिणेला, जिथल्या गावांची नावंही आम्हाला नीट घेता येत नव्हती. आणि धाकटा मेंढपाळ. तो मेंढरं घेऊन गेवराईकडे गोदाकाठाने फिरत होता. साखर कारखान्यांचे पट्टे पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं परतणार ती पौर्णिमेच्या तोंडावर. तेव्हा तालीम करायची तर नट जिथे असेल तिथे जाऊन, एकेकट्याची. समोरच्या सगळ्या भूमिका आबा करणार. त्यात त्यांना काही अवघड वाटत नव्हतं. जन्मभर दुसरं केलं काय होतं?

माझ्याकडे मोटारसायकल होती. आबांचा माझ्यावर लोभ होता असं मी समजत आलो, पण मोटारसायकल नसती तर तो किती राहिला असता, सांगता येत नाही. रविवार उजाडला की ते दारात हजर, डोक्याला मफलर, हातात भाकरीचं फडकं. मला आठवड्यातून एकदा मिळणारी झोप अशी कारखान्याच्या रस्त्यावर गेली. मी एकदा वैतागून म्हणालो, आबा, मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून घ्या की तालीम. त्यांनी केलीही एकदा. थोरल्याने दोन वाक्यं म्हटली. आबांनी फोन माझ्या हातात दिला. "जमत न्हाई हे. त्याच्यात माणसाला कोपऱ्यात सोताचंच तोंड दिसतंय. त्यो सोताकडंच बघायलाय."

मग माजलगाव. धरणाच्या पाण्यावर तिकडे ऊसच ऊस. तोडलेल्या फडाच्या कडेला पाचटाच्या झोपड्या, त्यांना कोप्या म्हणतात, आणि चुलींचा धूर. थोरला पहाटे फडात शिरलेला असायचा, ट्रॅक्टर भरून गेल्यावर मोकळा व्हायचा. तोंडावर, भुवयांवर उसाच्या पानांची बारीक कूस, हाताची बोटं पुरती मिटत नसत. तो जमिनीकडे बघून वाक्यं म्हणायचा. आबा समोर उकिडवे बसून म्हणायचे, "खाली न्हाई. माझ्याकडं बघ." तो मान वर करायचा. थकलेल्या माणसाला मान वर करायलाही किती लागतं ते मी तिथे बघितलं. पण एकदा नजर वर आली की आबा ती सोडत नसत. थोरला बोलायला लागला की ते असं ऐकत की त्या माणसाचा आवाज आपोआप खरा होत जायचा.

एका संध्याकाळी थोरला वाक्याच्या मधेच थांबला. मला वाटलं विसरला. बघतो तर बसल्या बसल्या झोप लागलेली, तोंड अर्धवट उघडं. मी उठवायला गेलो तर आबांनी हात आडवा धरला. आणि मग तिथेच बसून त्यांनी उरलेला प्रवेश हलक्या आवाजात म्हणून पुरा केला, त्याचीही वाक्यं आणि समोरचीही. संपल्यावर उठले, त्याच्या अंगावर घोंगडी टाकली आणि मला म्हणाले, चला, झाली तालीम. परतीच्या वाटेवर मला एवढं भरून आलं की मी गाडी हळू घेतली.

धाकट्याची तऱ्हा उलटी. त्याचं लक्ष मेंढरांवर. गोदावरीच्या काठाने वाळूच्या गाड्यांची ये-जा, त्यांचे भोंगे, त्यात हा एक वाक्य नाटकाचं म्हणणार आणि एक आरोळी मेंढरांना घालणार. तो बघेल तिकडे जाऊन आबा उभे राहत. मेंढरं वळली की तो वळायचा, तो वळला की आबा धोतर सावरत काट्याकुट्यातून पळायचे. "माझ्याकडं बघ, बाबा, माझ्याकडं." मी बाभळीखाली बसून हसत होतो. धाकटा म्हणाला, "आबा, तुमी एक मेंढरू होऊन जावा, मग मी तुमच्याकडंच बघंन." आबांना ते फार आवडलं. घरी येऊन काकूंना दोनदा सांगितलं.

वहिनीकडे आम्ही एसटीने गेलो, मी रजा टाकून. दोन गाड्या बदलून, अंग आंबून गेल्यावर एकदाची तिची कोपी सापडली. ती तव्यावर भाकरी टाकत होती, शेजारी तिचा नवरा कोयत्याला धार लावत बसला होता. तालीम तिथेच, चुलीपुढे. तिला सगळं पाठ होतं, पण नजर तव्यावर. आबा म्हणाले, "माझ्याकडं बघ. नवरा हाय मी तुझा हितं." तिचा खरा नवरा खदखदून हसला. ती लाजली, मग तिने बघितलं. बघितलं ते असं की आबाच क्षणभर वाक्य विसरले. निघताना ती म्हणाली, "आबा, तुमी म्होरं बसणार ना त्या दिशी? तुमी दिसलाव की मला समदं येतंय. न्हाई तर एक शबुद यायचा न्हाई." थोरलाही हेच म्हणाला होता. आबांना त्याचं बरं वाटलं होतं, मलाही. त्यातलं संकट आम्हा दोघांनाही दिसलं नाही.

पौर्णिमा आली. थोरला आणि वहिनी परतले होते, पण घर सावरण्यात, लग्नाला-दहाव्याला जाण्यात त्यांचे दिवस गेले. धाकटा मेंढरं भावाच्या हवाली करून त्याच दुपारी उतरला. एकत्र एक तालीम घेऊ, असं मी म्हणालो. आबा म्हणाले, घसे दमवू नका, समद्यांना समदं येतंय. ते खरंही होतं. तिघांनाही ओळ न ओळ येत होती. मात्र तिघं एकमेकांपुढे कधी उभे राहिले नव्हते.

आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पहिल्या रांगेत मधोमध त्यांची खुर्ची. पटांगण झाडलं जात होतं तेव्हापासून ते तिच्यावर जाऊन बसले होते. काकू म्हणाल्या, खुर्ची काय पळून चालली का. आबा जागचे हलले नाहीत. दिवस मावळला, वंदना झाली, पाहुण्यांची भाषणं झाली, खीर वाटून झाली. मग पडदा सरकला. मी उजव्या बाजूला संहिता घेऊन बसलो होतो, कोणी अडलं तर सांगायला. आबांनी हात मांडीवर ठेवले.

थोरला आला आणि आपलं पहिलं वाक्य आबांकडे बघून म्हणाला. एवढ्याने काही बिघडत नव्हतं. धाकटा आला, तोही आबांकडे बघून बोलला. दोन भावांचं बोलणं बंद आहे, लोकांना वाटलं, वा. मग वहिनी आली. तिने नवऱ्याला विचारायचं होतं की आजही पाणी सोडलं नाही का. थोरला तिच्या हाताशी उभा होता. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि पहिल्या रांगेतल्या आबांना जीव तोडून विचारलं. आबांच्या शेजारचे पाहुणे गोंधळून आबांकडे बघू लागले. थोरल्याने उत्तर द्यायचं, तर तो आबांच्या ओठांकडे बघत थांबला. आणि आबांचे ओठ हलले. जन्माची सवय, त्यांना कळलंही नसेल. ओठ हलल्यावर थोरला बोलला.

बायकांतून कोणीतरी म्हणालं, "नवरा तिकडं हाय की गं." मागून पोरं ओरडली, "समदे आबालाच विचारायलेत बे." हशा पिकला. हसू ऐकून तिघंही घाबरले आणि घाबरून आबांना आणखी घट्ट धरून बसले. आबांनी बोटाने खूण केली, तिकडं, तिकडं बघा. कोप्यांवर त्यांनी केलेली प्रत्येक खूण या लोकांनी इमानाने उचलली होती. वहिनीने बोट वर केलं. थोरल्याने केलं. धाकट्याने केलं. तिघं बोटं वर करून आबांपुढे उभे, आणि सगळं पटांगण पोट धरून हसत होतं. कष्टाने काळवंडलेले ते तीन चेहरे बघून मला रडू यायच्या बेतात होतं. मी संहितेतून मोठ्याने वाक्यं सांगत होतो. माझ्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही.

सतरंजीवरून काकू उठल्या. बायकांमधून वाट काढत आबांच्या खुर्चीपाशी आल्या. मी जवळच होतो, मला सगळं ऐकू आलं.

"उठा," काकू म्हणाल्या. "तुमी हितं हाव तवर ती तुमच्याशीच बोलतील."

आबा म्हणाले, "मला बघायचंय."

"मी बी बीडला आलते बघायला. न्हाई बघितलं." मग थोड्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "उठा. त्यांचं हसू व्हायलंय."

आबांनी खुर्चीच्या दांड्या धरल्या. उठायला त्यांना वेळ लागला. मग वळले आणि लोकांच्या मधून चालत गेले, सरळ, मागे न बघता. हसणारी पोरंही गप्प झाली. सगळ्या गावाने तेव्हा त्यांची पाठ बघितली.

तिघं रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. मी वाक्य सांगितलं, पुन्हा सांगितलं. मग वहिनी, आता बघायला कोणी उरलंच नाही म्हणून असेल, थोरल्याकडे वळली आणि तेच पाण्याचं तिने हळू विचारलं, इतकं हळू की माईकमध्ये धड आलं नाही. थोरल्याने तिच्याकडे बघितलं. त्या चेहऱ्याकडे तो असा पहिल्यांदाच बघत होता, आणि ते दिसत होतं. त्याने उत्तर दिलं. पुढे एक आख्खा तुकडा गळाला, धाकटा एकदा चुकीच्या वेळी आला, पण कोणी हसलं नाही. शेवटी वहिनी दोघांच्या मध्ये उभी राहिली. "मी आता निरोप न्यायची न्हाई. तोंडं हायेत ना? बघा एकमेकाकडं आन् बोला." ती बाजूला झाली. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. थोरल्याच्या तोंडी नाटकाचं शेवटचं वाक्य होतं. ते त्याने पुष्कळ वेळाने म्हटलं. "जेवलास का बे?"

माझ्या मागे कोणीतरी नाक ओढलं. पडदा ओढायचं माझं काम मी विसरलो होतो.

काकू आणि मी घरी आलो. आबा ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसले होते. कर्ण्याचा आवाज तिथपर्यंत येत होता, म्हणजे त्यांनी ऐकलं सगळं. बघितलं नाही.

त्यांनी मान न वळवता विचारलं, "थोरल्यानं शेवटी कुणाकडं बघितलं?"

"धाकट्याकडं," मी म्हणालो.

"कसं बघितलं? दाखवा."

मी दाखवायचा प्रयत्न केला. मला ते येण्यासारखं नव्हतंच. काकू म्हणाल्या, ह्यांना काय जमतंय. पायातल्या चपला काढून त्या ओट्यावर चढल्या, आबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्याकडे बघितलं. बीडच्या त्या दिवसापासूनचं सगळं त्या बघण्यात होतं, राग होता, आणि रागाच्या खाली जे असतं तेही होतं. लोकांना माझ्याकडं बघ म्हणून सांगत फिरलेल्या या माणसाला ती नजर पेलली नाही. त्यांनी मान खाली घातली.

"असं," काकू म्हणाल्या आणि आत जाऊन चूल पेटवायला लागल्या.

मला वाटलं, संपलं हे वेड. पण दिवाळीनंतरच्या रविवारी आबा पुन्हा दारात, मफलर, भाकरीचं फडकं. पुन्हा माजलगाव, पुन्हा तोच धूर. थोरला हात धुऊन येऊन बसला. आबांनी एक दगड ओढून घेतला आणि त्याच्याकडे पाठ करून बसले.

थोरला म्हणाला, "आबा, असं का बरं बसलाव?"

"तू बोल. मी ऐकायलोय."

"मग मी बघू कुणाकडं?"

"धाकट्याकडं."

"धाकटा गेवराईला हाय."

"मग गेवराईकडं बघ."

थोरल्याने थोडा विचार केला आणि तोडलेल्या फडावरून लांब कुठेतरी बघत पहिलं वाक्य म्हटलं. मी नेहमीसारखा बांधावर बसलो होतो, यावेळी आबांच्या बरोबर समोर. मावळतीचं ऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून मी त्यांना असं उजेडात कधी बघितलं नव्हतं. पाठीमागून थोरला बोलत होता आणि आबा धाकटा होऊन उत्तर देत होते. भावाचा शब्द कानावर पडला की त्यांच्या डोळ्यांत आधी ताठा यायचा, मग तो हळूहळू विरघळायचा, ओठ थरथरायचे, नको नको म्हणत सगळा चेहरा भावाकडे वळू बघायचा. तो चेहरा कुठल्या कॅमेऱ्याने घेतला नव्हता. बीडच्या लोकांनी तो न बघताच तिकिटं परत मागितली होती, आणि काकू टॉवेल घेऊन उभ्या राहिल्या होत्या. मला एकदम वाटलं की धावत जाऊन काकूंना घेऊन यावं. पण त्या वडगावला होत्या, आणि नाटक चालू होतं, आणि बघायला मी एकटाच होतो.